दाढीवाला एबरहार्ड, त्याचे काका-मामा आणि वुर्टेम्बर्गची भाऊबंदकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा एबरहार्ड नक्की कोण?

जर्मनीच्या नैऋत्येला आज जे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य आहे ना, त्यातल्या वुर्टेम्बर्ग भागाचा काउंट. जन्म ११ डिसेंबर १४४५ ला उराखमध्ये, मृत्यू फेब्रुवारी १४९६ मध्ये ट्युबिंगेनला. म्हणजे पन्नाशी जेमतेम गाठली. जर्मन लोक त्याला ‘दाढीवाला एबरहार्ड’ म्हणतात आणि तिकडच्या शाळेत प्रत्येक पोराला तो माहीत असतो.

काउंट म्हणजे कागदोपत्री सम्राटाचा मांडलिक, पण आपल्या मुलखात कर लावणं, कायदे करणं, लढाया, लग्नं, प्रॉपर्टीच्या वाटण्या सगळं स्वतःच करणारा माणूस. त्या काळी जर्मनी असा एक देश नव्हताच, शेकडो तुकडे होते, कुठे बिशप, कुठे ड्युक, कुठे स्वतंत्र शहर, आणि मधेमधे हे काउंट लोक.

तो पाचवा एबरहार्ड की पहिला? दोन्हीकडे वेगळं का लिहिलेलं असतं?

दोन्ही बरोबर. काउंट म्हणून घराण्यातला तो पाचवा एबरहार्ड, पण १४९५ मध्ये तो ड्युक (काउंटच्या वरचा मान) झाला आणि ड्युक म्हणून आकडे पहिल्यापासून सुरू झाले, म्हणून ड्युक एबरहार्ड पहिला. त्यात आणखी घोळ म्हणजे त्याच्या सख्ख्या चुलतभावाचं नावही एबरहार्डच, तो काउंट म्हणून सहावा आणि ड्युक म्हणून दुसरा. या घराण्याला नावांचा दुष्काळ होता की काय कोण जाणे, एबरहार्ड, उलरिख, लुडविग, हाइनरिख यापलीकडे फारसं कोणी गेलंच नाही. इथे खाली गोंधळ नको म्हणून आपल्या माणसाला एबरहार्ड आणि चुलतभावाला धाकटा एबरहार्ड म्हणूया.

एकाच घराण्याचे दोन तुकडे कसे काय झाले?

सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

आजोबा एबरहार्ड चौथा १४१९ मध्ये गेले, मुलं लहान, एक सात वर्षांचा आणि एक सहाचा. मग आजी हेन्रिएटनं कारभार बघितला. ही बाई मोम्पेलगार्डची वारस, म्हणजे आज फ्रान्समध्ये असलेलं माँबेलियार, आणि तो फ्रेंच भाषिक मुलूख तिच्यामुळेच वुर्टेम्बर्गला मिळाला. मुलं मोठी झाली, थोडे दिवस दोघांनी मिळून राज्य केलं, मग व्हायचं तेच झालं. १४४२ मध्ये न्युर्टिंगेनचा करार करून सरळ वाटणी. थोरला लुडविग उराखला बसला, धाकटा उलरिख श्टुटगार्टला. लुडविग म्हणजे आपल्या एबरहार्डचे वडील.

म्हणजे एबरहार्ड जन्मला तोच वाटणी झालेल्या घरात, निम्म्या राज्याचा, आणि तोही धाकटा मुलगा म्हणून.

वडील लवकर गेले म्हणतात, मग त्याला सांभाळलं कोणी?

वडील १४५० मध्ये गेले तेव्हा हा पाच वर्षांचाही नव्हता. मोठा भाऊ लुडविग (हो, परत तेच नाव) गादीवर, पण तोही लहान आणि त्याला फिट्स यायच्या. आता पालक कोण यावरून जी काय ओढाताण झाली ती आपल्याला अजिबात परकी वाटणार नाही: एकीकडे काका उलरिख, श्टुटगार्टवाला, दुसरीकडे मामा फ्रीडरिख, हायडेलबर्गच्या पॅलेटिनेट राज्याचा इलेक्टर (म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा), ज्याला लोक ‘विजयी’ म्हणायचे. दोघांनाही पोरांची काळजी होतीच असेल, पण उराखच्या तिजोरीची जास्त होती असं माझं स्पष्ट मत.

मोठा भाऊ १४५७ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. आता एबरहार्ड वारस, वय बारा पूर्ण व्हायचंय. पुन्हा पालकत्वाचा वाद. यावेळी एक इंटरेस्टिंग गोष्ट झाली, लेओनबर्ग गावात त्याच महिन्यात सभा भरली आणि त्यात शहरांचे प्रतिनिधीही बसले. वुर्टेम्बर्गची पहिली लांडटाग, म्हणजे विधिमंडळाची सुरुवात, ती हीच धरतात. राजघराण्यातल्या भांडणामुळे का होईना, शहरांच्या प्रतिनिधींना टेबलावर जागा मिळाली.

काका पालक झाला खरा पण दोनच वर्षं. १४५९ च्या डिसेंबरमध्ये एबरहार्ड १४ वर्षांचा झाला आणि मामाच्या पाठिंब्यावर, काही सल्लागारांच्या मदतीनं, काकाच्या हातातून निसटून त्यानं कारभार स्वतःकडे घेतला.

मग काका-पुतण्याचं कायमचं वाकडं झालं का?

व्हायला हवं होतं, पण नशीबच असं की काकाची अवस्था बघण्यासारखी झाली. १४६२ मध्ये झेकेनहाइमच्या लढाईत मामानं काकाला पकडलं! काका उलरिख, बाडेनचा मार्गग्राफ (तिथला राजा म्हणा) आणि मेट्झचा बिशप असे तिघे एकाच दिवशी मामाच्या कैदेत. काकाला सुटायला एक लाख गुल्डेनची (सोन्याच्या नाण्यांची) खंडणी ठरली आणि श्टुटगार्टची बाजू कर्जात बुडाली ती नंतर नीट सावरलीच नाही. पुढे एबरहार्डला जी संधी मिळाली तिची मुळं या कर्जात आहेत, हे चरित्रांमध्ये बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं.

त्याच्या आईबद्दल एवढं का लिहिलं जातं?

कारण मेख्टिल्ड ही त्या घरातली सगळ्यात हुशार व्यक्ती होती, माझ्या मते तरी. हायडेलबर्गच्या इलेक्टरची मुलगी, जन्म १४१९. नवरा गेल्यावर दोन वर्षांत तिनं दुसरं लग्न केलं ते थेट सम्राटाच्या भावाशी, आर्चड्युक आल्ब्रेख्ट सहावा. हा गृहस्थ १४६३ मध्ये गेला आणि मग मेख्टिल्ड नेकारच्या काठी रोटेनबर्गला स्वतःचा दरबार मांडून बसली.

तिथे काय चालायचं तर पुस्तकं. कवी, भाषांतरकार, जुनी हस्तलिखितं. बव्हेरियाच्या एका पुस्तकवेड्या सरदारानं १४६२ मध्ये तिला एक लांबलचक कवितारूपी पत्र लिहिलं, त्यातून कळतं की तिनं त्याला आपल्याकडच्या ९४ पुस्तकांची यादी पाठवली होती आणि त्यातली काही त्या बिचाऱ्यानं ऐकलेलीही नव्हती. फ्रायबुर्गची युनिव्हर्सिटी १४५७ मध्ये तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं काढली, त्यामागेही तिचाच आग्रह असं मानतात. वीस वर्षांनी मुलानं ट्युबिंगेनला युनिव्हर्सिटी काढली तेव्हाही ती पाठीशी होती. १४८२ मध्ये ती हायडेलबर्गला वारली.

दाढी का ठेवली?

जेरुसलेमची यात्रा. एबरहार्ड तरुणपणी बराच उनाड होता असं सांगतात, खाणंपिणं, शिकार, पोरी. मग १४६८ च्या मे महिन्यात उराखजवळच्या ग्युटरश्टाइन मठातून निघाला, व्हेनिसहून जहाजानं पवित्र भूमीत, जुलैमध्ये येशूच्या थडग्याच्या चर्चमध्ये नाइट ही पदवी घेतली आणि नोव्हेंबरला परत. त्या काळात सरदार मंडळी गुळगुळीत दाढी करायची, हा मात्र परतल्यावर दाढी वाढवूनच राहिला. यात्रेचा नवस म्हणून ठेवली असं म्हणतात.

यात्रेनंतर त्यानं खजुराचं झाड आपली खूण म्हणून घेतलं आणि ‘आटेम्प्टो’ हे ब्रीद, म्हणजे ‘मी करून बघतो’. उराखच्या वाड्यात एक अख्खं दालन या खजुराच्या झाडांनी रंगवलंय, मधेमधे पूर्वजांची ढालचिन्हं. थोडक्यात भिंतीवर वंशावळच, पाहुणा आला की आधी आमचं खानदान बघा.

बायको इटालियन होती म्हणे?

हो, मांटुआच्या गोन्झागा घराण्यातली बार्बरा. वडील लुडोविको, मांटुआचे मार्क्विस, आणि आई ब्रांडेनबुर्गची, म्हणजे जर्मनच. गोन्झागा तेव्हा युरोपातल्या सगळ्यात सुसंस्कृत दरबारांपैकी एक, पैसा, चित्रकार, विद्वान सगळं तिथे. वुर्टेम्बर्ग त्यामानानं डोंगरातलं गाव. तरी हे स्थळ जमलं, १४७४ मध्ये.

मांटुआच्या राजवाड्यात एक खोली आहे, मान्तेन्या या चित्रकारानं भिंतीवर अख्खं गोन्झागा कुटुंब रंगवलेलं, आणि ते काम संपलं नेमकं १४७४ मध्येच. त्यात आईच्या शेजारी उभी असलेली जी तरुण मुलगी आहे ती बार्बरा असं सहसा मानतात. घर सोडून जाणाऱ्या मुलीचा याहून भारी फॅमिली फोटो कोणाचा नसेल.

लग्न उराखला जुलैमध्ये झालं. जेवायला १४ हजारच्या आसपास माणसं होती असं जुने वृत्तांत सांगतात, कारंज्यातून दारू वाहत होती वगैरे. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण उराख हे तेव्हा छोटंसं गाव होतं हे लक्षात घेतलं की निम्मी माणसं धरली तरी गावाचं काय झालं असेल याचा अंदाज येतो.

त्यांना मुलं किती?

एक. १४७५ च्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली, तिचंही नाव बार्बरा, आणि ती काही आठवड्यांतच गेली. त्यानंतर मूल झालं नाही.

एबरहार्डला बाहेरची मुलं मात्र होती, लुडविग आणि हान्स ही नावं कागदपत्रांत येतात आणि त्यानं त्यांची सोयही नीट लावली. पण अनौरस मुलाला गादी मिळायची नाही. म्हणजे राज्य जमवायचं, कायदे करायचे, युनिव्हर्सिटी काढायची, आणि हे सगळं जाणार कोणाकडे तर त्या धाकट्या एबरहार्डकडे. पुढची सगळी राजकारणं या एका गोष्टीभोवती फिरतात, आणि त्याच्याबद्दल वाचताना हे डोक्यात ठेवलं नाही तर त्याचे करारमदार नुसते रुक्ष कागद वाटतात.

त्याला लॅटिन येत नव्हतं हे खरं का? आणि पंचतंत्राचा काय संबंध?

लॅटिन धड येत नव्हतं हे खरं. वडिलांनीच मुलाला लॅटिन शिकवू नका असं सांगून ठेवलं होतं म्हणतात. शिक्षक मात्र चांगला होता, योहानेस फेर्गेनहान्स, ज्याला नाउक्लेरुस या नावानंही ओळखतात. एबरहार्डला पुस्तकांची आवड तर होती, मग त्यानं उपाय काढला, सरळ जर्मनमध्ये भाषांतरं करून घ्यायची. माणसाला कमीपणा वाटला नाही हे मला फार आवडतं, नाहीतर त्या पदावरचे लोक कळत नसलं तरी मान डोलवतात.

आणि आता मजा ऐका. त्यानं करून घेतलेल्या भाषांतरांपैकी सगळ्यात गाजलेलं कुठलं, तर आपलं पंचतंत्र! करटक आणि दमनक, सिंह आणि बैल, तेच ते. संस्कृतमधून सहाव्या शतकात ते पहलवीत म्हणजे जुन्या फारसीत गेलं, तिथून आठव्या शतकात अरबीत ‘कलिला आणि दिमना’ म्हणून, अरबीतून हिब्रूत, हिब्रूतून तेराव्या शतकात कापुआच्या योहाननं लॅटिनमध्ये आणलं, आणि त्या लॅटिनवरून आंटोनिउस फोन फोर या धर्मगुरूनं जर्मनमध्ये. हा फोर मेख्टिल्डच्या दरबारातला, म्हणजे इथेही आई आहेच.

पुस्तक १४८० च्या सुमारास उराखमध्ये छापलं गेलं आणि १४८३ मध्ये उल्मला चित्रांसकट. पुढे त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की सुरुवातीच्या जर्मन छपाईतलं ते एक हिट पुस्तकच. त्यात एक गंमत लपवलेली आहे: परिच्छेदांची पहिली अक्षरं ओळीनं जोडली की एबरहार्डचं नाव, ‘वुर्टेम्बर्गचा काउंट’ आणि शेवटी ‘आटेम्प्टो’ असं तयार होतं. विष्णुशर्म्याच्या गोष्टीत एका जर्मन काउंटची सही!

बरं, पंचतंत्र हे मुळात राजपुत्रांना शहाणं करायला लिहिलेलं. कुणावर विश्वास ठेवावा, दरबारात कान कोण भरतो, भावासारखा मित्र आणि मित्रासारखा शत्रू कोण. काका, मामा आणि चुलतभाऊ यांच्यात वाढलेल्या माणसानं नेमकं हेच पुस्तक उचलावं यात नवल नाही.

ट्युबिंगेनची युनिव्हर्सिटी त्यानंच काढली ना?

हो, १४७७ मध्ये. पोप सिक्स्टुस चौथा याची परवानगी १४७६ च्या नोव्हेंबरची. पैसे कुठून आणले तर झिंडेलफिंगेनला एक श्रीमंत धर्मपीठ होतं, त्याचं उत्पन्न आणि जागा ट्युबिंगेनला हलवल्या आणि त्यातून प्रोफेसरांचे पगार. नवीन कर न लावता जुनं फंडिंग वळवायचं, डोकं होतं माणसाला. पहिला रेक्टर त्याचा जुना शिक्षक नाउक्लेरुस.

एवढंसं राज्य, तेही अर्धं, आणि त्यात युनिव्हर्सिटी. पुढे मेलांख्टोन इथे शिकवायला होता, केप्लर शिकला, हेगेल, ह्योल्डरलीन, शेलिंग ही त्रयी इथलीच. आणि आपल्याकडचा धागा म्हणजे मार्टिन हाउग: बालिंगेनजवळच्या गावातला मुलगा, ट्युबिंगेनला संस्कृत शिकला, १८५९ मध्ये पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला आणि त्यानं संपादन आणि भाषांतर केलेलं ऐतरेय ब्राह्मण १८६३ मध्ये मुंबईत निघालं. पंचतंत्र तिकडे गेलं त्याची ही परतफेड म्हणा हवं तर, साडेतीनशे-चारशे वर्षांनी.

युनिव्हर्सिटीचं नाव ‘एबरहार्ड कार्ल्स’ आहे, त्यातला कार्ल हा अठराव्या शतकातला ड्युक कार्ल ऑयगेन, त्यानं १७६९ मध्ये आपलं नाव जोडून घेतलं.

तुटलेलं राज्य परत एक कसं झालं?

मला विचाराल तर एबरहार्डचं खरं कर्तृत्व हेच, दाढी आणि यात्रा राहू देत.

काका उलरिखला दोन मुलगे. धाकटा एबरहार्ड म्हणजे उधळ्या, आणि त्याच्यापेक्षा लहान हाइनरिख. हाइनरिखची कहाणी ऐकून वाईट वाटतं. १४७४ मध्ये बर्गंडीचा ड्युक शार्ल, ज्याला धाडसी शार्ल म्हणतात, त्यानं या पोराला पकडलं आणि मोम्पेलगार्डच्या किल्ल्यासमोर नेऊन किल्ला द्या नाहीतर याचं डोकं उडवतो अशी धमकी दिली, शेजारी जल्लाद उभा. किल्लेदारानं किल्ला दिला नाही. डोकं वाचलं, पण सुटका शार्ल मेल्यावर १४७७ मध्ये, आणि त्यानंतर हाइनरिख पुन्हा कधी धड झाला नाही असं सगळे लिहितात.

१४७३ च्या उराख करारात दोन्ही शाखांनी एकमेकांचे वारसाहक्क मान्य करून घेतले होते. १४८० मध्ये काकानं कारभार धाकट्या एबरहार्डकडे सोपवला आणि त्याच वर्षी काका गेला. धाकट्याच्या हातात श्टुटगार्ट, डोक्यावर कर्ज, आणि कारभाराची आवड शून्य. मग १४ डिसेंबर १४८२ ला म्युन्सिंगेनचा करार झाला. दोन्ही वाटण्या एकत्र, राज्य यापुढे कधीही तोडायचं नाही, कारभार थोरल्याकडे म्हणजे आपल्या एबरहार्डकडे, राजधानी श्टुटगार्ट, आणि धाकट्याला खर्चाला ठरावीक पैसा आणि पुढचा वारस म्हणून नाव. करारावर नुसत्या दोन भावांचे नाही तर प्रजेच्या प्रतिनिधींचेही शिक्के. ४० वर्षांपूर्वी बापांनी जे फोडलं ते चुलतभावांनी जोडलं, लढाई न करता.

अर्थात धाकट्याला नंतर पश्चात्ताप झाला आणि तो पुढची दहा वर्षं कटकट करत राहिला, आणखी करार, आणखी लवाद. शेवटी १४९२ च्या एस्लिंगेन करारात असं ठरलं की एबरहार्डनंतर धाकटा गादीवर बसेल, पण राज्य चालवेल १२ जणांचं मंडळ. ‘तू ये, पण चाव्या दुसऱ्याकडे’ असा हा प्रकार.

आणि हाइनरिख? त्याला १४९० मध्ये एबरहार्डनं होहेनउराखच्या किल्ल्यात नजरकैदेत ठेवलं, वेडा म्हणून. तो १५१९ पर्यंत जगला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. दुसऱ्या बायकोला बरोबर राहू दिलं, १४९८ मध्ये त्याला एक मुलगाही झाला. खरंच वेडा होता की अडचणीचा होता यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि करार करून राज्य जोडणाऱ्या शहाण्या काउंटच्या गोष्टीत हा किल्ला लोक सोयीस्कर विसरतात.

काउंटचा ड्युक कधी झाला?

२१ जुलै १४९५, वोर्म्सच्या राइखस्टागमध्ये म्हणजे साम्राज्याच्या सभेत, तेव्हा राजा असलेल्या आणि पुढे सम्राट झालेल्या माक्सिमिलियाननं केला. त्यासोबत राज्य अविभाज्य हे आता साम्राज्याच्या कायद्यानंच पक्कं झालं आणि वारसा फक्त पुरुषांकडून. नवीन ढालचिन्हात जुनी काळी हरणाची शिंगं, टेक या मुलखाचे चौकोन, साम्राज्याचं निशाण आणि आजीच्या मोम्पेलगार्डचे दोन मासे. एबरहार्डला हे टायटल जेमतेम सात महिने मिरवता आलं.

त्याआधीचे मान म्हणाल तर १४८२ मध्ये रोमला गेला तेव्हा पोपकडून सोनेरी गुलाब, १४९२ मध्ये ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीस हा सरदारांचा मोठा सन्मान. रोमच्या त्या ट्रिपला दुभाष्या म्हणून तरुण रॉयख्लिन बरोबर होता, पुढे हिब्रूचा मोठा पंडित झाला तोच. श्वाबियाच्या (म्हणजे वुर्टेम्बर्गच्या भागातल्या) उच्चारातलं लॅटिन इटालियन लोकांना कळेना म्हणून याला पुढे केलं अशी हकीकत आहे.

मेंढपाळाच्या मांडीवर झोपला ती गोष्ट खरी का?

गोष्ट अशी: वोर्म्सला सगळे राजे आपापली बढाई मारतायत, कोणाकडे चांदीच्या खाणी, कोणाकडे मोठी शहरं, कोणाकडे द्राक्षमळे. एबरहार्ड म्हणतो माझं राज्य गरीब, पण मी रानात एकटा असताना कुठल्याही प्रजाजनाच्या मांडीवर डोकं ठेवून बिनधास्त झोपू शकतो. मग सगळे म्हणतात तूच सगळ्यात श्रीमंत.

ही कथा लोकप्रिय केली युस्टिनुस केर्नर या कवीनं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि ती कविता वुर्टेम्बर्गचं गाणंच बनली. पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही. तेव्हा नेपोलियनच्या काळात नव्यानं राजे झालेल्या घराण्याला ‘प्रजेचा लाडका पूर्वज’ हवाच होता, हे ओळखलं की पुतळे आणि कविता त्याच काळात का निघाल्या ते कळतं.

ज्यू लोकांना त्यानं हाकललं हे खरं आहे?

खरं आहे आणि हे मेंढपाळाच्या गोष्टीनंतर लगेच वाचावं म्हणून मुद्दाम इथे घेतलंय. १४७७ मध्ये युनिव्हर्सिटीला जे हक्क दिले त्यातच ट्युबिंगेनमध्ये ज्यूंना राहू द्यायचं नाही असं कलम आहे. पुढे १४९२ च्या मृत्युपत्रात त्यानं अख्ख्या वुर्टेम्बर्गसाठी तेच लिहून ठेवलं, ज्यूंनी इथे राहायचं नाही, धंदा करायचा नाही. आणि तो नुसता कागद राहिला नाही, पुढच्या राज्यकर्त्यांनी ते धोरण चालवलं आणि काही अपवाद सोडले तर ते पार एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकलं.

‘त्या काळी सगळेच असं करायचे’ हे उत्तर नेहमी येतं. बऱ्याच ठिकाणी करायचे हे खरं, पण ज्या माणसाचा गौरवच दूरदृष्टीचा राज्यकर्ता म्हणून होतो त्यानं हे विचारपूर्वक मृत्युपत्रात घातलं, चुकून नाही. युनिव्हर्सिटीच्या नावातून एबरहार्ड काढावा का यावर अलीकडे तिथे जोरात वाद झाला, नाव तेच ठेवलं गेलं.

तो गेल्यावर काय झालं?

ज्याची भीती होती ते. धाकटा एबरहार्ड ड्युक झाला, रॉयख्लिननं तर आधीच हायडेलबर्गला पळ काढला कारण नव्या ड्युकच्या मर्जीतल्या माणसाशी त्याचं हाडवैर होतं. दोन वर्षं कशीबशी गेली आणि १४९८ मध्ये प्रजेच्या प्रतिनिधींनी चक्क ड्युकलाच पदावरून काढलं, माक्सिमिलियाननं त्यावर शिक्का मारला. धाकटा १५०४ मध्ये परमुलखात मेला. एस्लिंगेनच्या करारात घातलेली ती १२ जणांची तरतूद इथे कामाला आली.

गादीवर आला हाइनरिखचा मुलगा उलरिख, वय ११. याची आई बाळंतपणानंतर लगेच गेलेली, बाप किल्ल्यात, त्याला लहानपणी वाढवलं ते एबरहार्डनंच आपल्या दरबारात. संस्कार फारसे टिकले नाहीत असं म्हणावं लागेल, हा उलरिख पुढे इतका तापट निघाला की त्यानं आपल्याच दरबारातल्या माणसाचा खून केला, राज्यही गमावलं आणि १५३४ मध्ये परत मिळवून तिथे रिफॉर्मेशन म्हणजे प्रोटेस्टंट पंथ आणला. पण राज्य तुटलं नाही. आणि किल्ल्यात जन्मलेला तो १४९८ चा मुलगा गेओर्ग, १५९३ नंतरचे सगळे ड्युक आणि राजे शेवटी त्याच्याच वंशातून आले. ज्याला वेडा म्हणून कोंडलं त्याचाच वंश!

बार्बराचं पुढे काय झालं?

नवऱ्यानंतर सात वर्षं जगली, ब्योब्लिंगेनला राहिली, १५०३ मध्ये गेली. मांटुआ पुन्हा बघायला मिळालं नाही. किर्खहाइमच्या जोगिणींच्या मठात पुरलं, पण तो मठ राहिला नाही आणि तिची कबरही. नवऱ्याचे पुतळे, कविता, युनिव्हर्सिटी, आणि तिच्याबद्दल अगदी अलीकडेपर्यंत कोणी नीट अभ्यासही केला नव्हता. तिची मांटुआशी झालेली पत्रं टिकली म्हणून निदान आता थोडं कळतंय.

आम्ही श्टुटगार्टला राहतो, काय काय बघता येईल?

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत आणि आता तिकडे मराठी मंडळी भरपूर, त्यामुळे हा प्रश्न येतोच. श्टुटगार्टमध्ये जुन्या राजवाड्याच्या अंगणात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८५९ चा. जवळच्या बागेत मेंढपाळाच्या मांडीवर झोपलेला एबरहार्डही आहे. ट्युबिंगेनच्या श्टिफ्ट्सकिर्ख या चर्चमध्ये कबर, पण तो आधी तिथे नव्हता. शोनबुखच्या जंगलात आइनझीडेलला त्यानं १४९२ मध्ये एक मठ काढला होता, १२ धर्मगुरू, १२ सरदार आणि १२ सामान्य नागरिक एकत्र राहतील असा, आणि तिथल्याच साध्या निळ्या झग्यात त्याला तिथेच पुरलं होतं, १५३७ मध्ये ट्युबिंगेनला हलवलं. आईचीही कबर आता ट्युबिंगेनलाच.

उराखचा वाडा मात्र चुकवू नका, खजुराचं दालन तिथेच. मेट्झिंगेनला आउटलेट शॉपिंगला तर सगळेच जातात, तिथूनच छोटी ट्रेन उराखला जाते, एका दिवसात दोन्ही होतं. दम असेल तर वर होहेनउराखच्या पडक्या किल्ल्यावर चढा. मांटुआला जाणार असाल तर मान्तेन्याच्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, तिकीट आधी काढून ठेवा.